दर उघडा हवा

गोंदियाहून कामठ्याच्या बाजूला गेलं की बिरसीचा विमानतळ लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये इंग्रजांनी इथे धावपट्टी बांधली. आज तिथे वैमानिक घडवणारी प्रशिक्षण संस्था आहे. १३ मार्च २०२२ रोजी इंदूर-गोंदिया-हैदराबाद हे पहिलं नियमित प्रवासी विमान इथून गेलं. आजूबाजूला मात्र धानाच्या बांध्याच बांध्या. या एकाच शिवारात मजुरी ठरवण्याच्या दोन अगदी वेगळ्या रीती शेजारी शेजारी नांदतात. पगारवाढ कशी मागावी हा प्रश्न आपण नेहमी चुकीच्या माणसाला विचारतो, असं मला या दोन रीती पाहून ठामपणे वाटू लागलं आहे.

पहिली रीत रोवणीची. मृगाचा पाऊस झाला, पऱ्हे तयार झाले, चिखलणी झाली की गावागावात बायांच्या टोळ्या बांधल्या जातात. टोळीत एक बोलकी, हिशोबाची पक्की बाई असते. शेतकरी दारात येतो तेव्हा तीच बोलते. रोजीने यायचं की गुत्त्याने, एकराला किती, जाण्यायेण्याची गाडी कोणाची, चहा कोणाचा, सगळं अंगणात, दहा जणींच्या देखत ठरतं. शेजारच्या गावात काल काय दर फुटला ते प्रत्येकीला ठाऊक असतं. शेतकऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणून घासाघीस झाली तरी ती थोडक्यात आटपते. कोणाचीही मान खाली जात नाही, कोणी कोणाचे उपकार मानत नाही. आणि दुसऱ्या वर्षी दर वाढवून मागताना त्या बाईला घरची अडचण सांगावी लागत नाही. यंदाचा दर हा आहे, एवढंच ती म्हणते.

दुसरी रीत गणवेशाच्या नोकरीची. रखवालदार, सफाईवाला, माळी, सामान उचलणारा, कार्यालयात कागद हलवणारा मुलगा. ही माणसंही याच गावांतली, बहुतेकदा रोवणीला जाणाऱ्या त्याच बायांची मुलं. आईपेक्षा जास्त शिकलेली. पण पगार वाढवून मागायची वेळ आली की त्यांचा आवाज बसतो. तीन-तीन वर्षं एकाच आकड्यावर काम करतात आणि विचारलं तर म्हणतात, “भाऊ, बोललो तर उद्यापासून येऊ नको म्हणतील.”

हा फरक स्वभावाचा नाही. आई धीट आणि मुलगा भित्रा, असं काही नसतं. फरक इतकाच की आईला दर माहीत आहे, समोरचा मालक माहीत आहे आणि तिच्या बाजूला नऊ जणी उभ्या आहेत. मुलाला यातलं एकही मिळालेलं नाही.

आधी मालकाचंच घ्या. मोठ्या सार्वजनिक आस्थापनेत आता फाटकावरची, झाडलोटीची, बागेची कामं ठेक्याने जातात. मी इथे बिरसीच्या किंवा कुठल्याही एका आस्थापनेवर, एका ठेकेदारावर बोट ठेवत नाही. ही रचना देशभर सारखीच आहे. निविदा निघते, सगळ्यात कमी बोली लावणाऱ्याला काम मिळतं. मजुरीचा किमान दर सरकारने ठरवलेला, तो निविदेत खाली आणता येत नाही. मग स्पर्धा उरते ती ठेकेदाराच्या सेवाशुल्कापुरती. ते शुल्क उतरत उतरत नाममात्र होतं. साधा व्यवहारी प्रश्न असा की ज्याला कागदावर जवळपास काहीच सुटत नाही तो ठेका घेतोच कशाला? त्याचं उत्तर देशभरातल्या ठेका कामगारांच्या तक्रारींत वर्षानुवर्षं सापडतं. हजेरीचे दिवस कमी दाखवायचे. गणवेशाचे पैसे कापायचे. भविष्यनिर्वाह निधी कापायचा आणि भरायचा उशिरा, किंवा भरायचाच नाही. आणि सगळ्यात निर्लज्ज प्रकार म्हणजे बँकेत पूर्ण पगार जमा करायचा आणि दोन दिवसांनी त्यातले दोन-तीन हजार रोख परत घ्यायचे. कागद स्वच्छ, खातं स्वच्छ.

अशा जागी पगारवाढ मागायची कोणाकडे? ठेकेदार म्हणतो, वरून दर वाढवून आला की देतो. आस्थापनेतले साहेब म्हणतात, तुम्ही आमची माणसं नाही, ठेकेदाराशी बोला. ठेकेदाराची कचेरी नागपुरात नाहीतर दिल्लीत, गावात असतो तो सुपरवायझर, आणि त्याचाही पगार तीन वर्षं हललेला नसतो. शिवाय दोन वर्षांनी ठेका बदलतो. माणसं तीच, फाटक तेच, गणवेश नवा, आणि कामाची मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. ज्याची दहा वर्षं त्या फाटकावर गेली तो कागदावर कायम नवखाच राहतो.

आता पगारपत्रक. ते हातात असेल तर ते वाचायला हवं, आणि बहुतेकांना ते वाचायला कोणी शिकवलेलं नसतं. मूळ वेतन आणि महागाईचा भाग मिळून किमान दराइतका होतो का, हे पहिलं पाहायचं. मग निधीची १२ टक्के कपात, आणि तेवढीच भर मालकाने घातली का, ते स्वतःच्या मोबाइलवर निधीच्या खात्यात तपासायचं. कर्मचारी राज्य विमा लागू असेल तर कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. व्यवसायकर मोठ्या पगाराला २०० रुपये महिना, फेब्रुवारीत ३००. यापलीकडे जी ओळ दिसेल तिचा जाब विचारता येतो. जिथे पत्रकच मिळत नाही तिथे पगारवाढ मागण्याआधी पगारपत्रक मागावं. ही मागणी लहान दिसते, पण तिथेच गाठ सुटते. ज्याला आपल्या पगाराचे तुकडे माहीत नाहीत तो ‘थोडं वाढवून द्या साहेब’ एवढंच म्हणू शकतो, आणि ‘थोडं’ या शब्दाला कोणीही दोनशे रुपयांत वाटेला लावतं.

आपली माणसं मागतात तेव्हा कशाच्या आधारावर मागतात, हेही पाहायला हवं. बहुतेक वेळा अडचणीच्या. बहिणीचं लग्न आहे, आईचं ऑपरेशन आहे, पोराला गोंदियाला शिकायला ठेवायचं आहे. मालक ऐकून घेतो, कधी खरोखर कळवळतोही, आणि उचल देतो. उचल घेतलेला माणूस पुढचं वर्षभर वाढीचं नाव काढू शकत नाही, कारण आता तो देणेकरी आहे. ऊसतोड कामगारांपासून वीटभट्टीपर्यंत महाराष्ट्रात माणूस बांधून ठेवायची हीच युक्ती आहे, फक्त आकडे वेगळे. म्हणून अडचण सांगून मागणं मला घातक वाटतं. कामाचा दर हा घरच्या दुःखावर अवलंबून नसतो. ज्याच्या घरी कोणी आजारी नाही त्यालाही तोच दर मिळायला हवा.

मग आकडा कशावरून ठरवायचा? या देशात त्याचं उत्तर फार पूर्वीच देऊन झालं आहे. जुलै १९५७ मध्ये दिल्लीत भारतीय श्रम परिषदेचं पंधरावं अधिवेशन झालं, त्यात सरकार, मालक आणि कामगार तिघांनी मिळून गरजेवर आधारित किमान वेतनाचं माप मान्य केलं. कमावत्या माणसामागे तीन माणसांइतका आहार धरायचा, वर्षाला कुटुंबाला ७२ वार कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेंसाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेप्टाकोस ब्रेट कंपनीच्या कामगारांच्या खटल्यात त्यात भर घातली: मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, लग्न, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के. पोराची फी हा कामगाराच्या पगाराचाच भाग आहे, मालकाच्या दयेचा विषय नाही, असं या देशातल्या सगळ्यात मोठ्या न्यायालयाने सांगितलेलं आहे. १९८२ च्या, एशियाड स्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात तर त्याच न्यायालयाने किमान वेतनाहून कमी दराने करून घेतलेलं काम म्हणजे राज्यघटनेच्या कलम २३ ने बंद केलेली वेठबिगारीच, असं ठरवलं.

गोंदियाला हा विषय परका नाही. किमान वेतनाचं विधेयक एप्रिल १९४६ मध्ये केंद्रीय विधिमंडळात मांडलं ते मजूरमंत्री म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. पुढे १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. हेच बाबासाहेब १९५४ मध्ये भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होता, १ मे १९९९ ला तो वेगळा झाला. या मातीतल्या मजुरांसाठी ज्याने कायद्याचा पाया घातला त्याला इथल्या मतदारांनी निवडून दिलं नाही, याची खंत मला वाटते. पण किमान वेतनाचा हक्क उरला आहे, आणि तो वापरला तर ती खंत थोडी तरी फिटेल.

इथे एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. लोक म्हणतात, पगार म्हणजे बाजारभाव. माणसं भरपूर, कामं थोडी, मग दर वाढणार कसा? मागणाऱ्याला काढून दुसरा मिळतो. या म्हणण्यात तथ्य आहे. रोवणीच्या बायांचा दर वाढतो त्यात पावसाचा हात आहेच. पऱ्हे वाळू लागले की शेतकऱ्याला थांबता येत नाही. फाटकावरच्या रखवालदाराकडे असा पाऊस नसतो. मान्य. पण हा बाजाराचा नियम सगळ्यांना सारखा लागू होतो का, तेही बघा.

केंद्र सरकारच्या सगळ्यात खालच्या पायरीवरच्या कर्मचाऱ्याचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगाने जानेवारी २०१६ पासून १८,००० रुपये केलं. त्यावर महागाई भत्ता वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, वाढत गेला आणि जानेवारी २०२४ मध्ये ५० टक्क्यांवर पोहोचला. म्हणजे वार्षिक वेतनवाढ बाजूला ठेवली तरी १८ हजारांचे २७ हजार झाले. यासाठी त्या शिपायाला कोणाच्या दारात उभं राहावं लागलं नाही. बाहेर त्याची जागा घ्यायला लाखो बेकार उभे असताना त्याचं वेतन वाढलं. ते योग्यच झालं. माझं म्हणणं इतकंच की जे त्याला लागू आहे ते त्याच्या शेजारी त्याच फरशीवर झाडू मारणाऱ्या ठेक्याच्या माणसालाही लागू व्हायला हवं. किमान वेतनाच्या केंद्रीय दरातही महागाईचा भाग दर एप्रिल-ऑक्टोबरला बदलतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून झाडलोट, बांधकाम, चढ-उतार अशा कामांतल्या अकुशल कामगारासाठी मोठ्या शहरांतला दर दिवसाला ७८३ रुपये झाला, लहान गावांचा त्याहून कमी. म्हणजे कागदावर वाढ होते. प्रश्न ती खात्यापर्यंत पोहोचते का एवढाच, आणि ती पोहोचत नाही कारण ती झाली हेच माणसाला कळत नाही.

वाढ न मिळणं म्हणजे पगार आहे तिथे थांबणं, हाही गैरसमज आहे. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं उद्दिष्टच वर्षाला ४ टक्के. सगळं त्यांच्या ठरवण्याप्रमाणे झालं तरी आजचे १२,००० रुपये तीन वर्षांनी साधारण १०,६७० रुपयांच्या मोलाचे होतात. तीन वर्षं गप्प बसलेल्या माणसाने महिन्याला तेराशे रुपयांची कपात सही न करता मान्य केलेली असते.

आणि मालकवर्ग मागतच नाही असं थोडंच आहे! गोंदिया-भंडारा म्हणजे राइस मिलांचा मुलूख. सरकारी केंद्रांवर घेतलेलं धान भरडून मिलवाले क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ सरकारला परत देतात. भरडाईचा दर परवडत नाही असं वाटलं की मिलवाल्यांची संघटना एकत्र बसते, धान उचलणं थांबवते, मंत्र्यांपर्यंत निवेदन जातं. त्यांना कोणी कृतघ्न म्हणत नाही. शेतकऱ्याच्या धानाचा हमीभाव २०१४-१५ मध्ये १,३६० रुपये होता, २०२४-२५ मध्ये २,३०० झाला. दरवर्षी तो जाहीर होतो, छापून येतो, चावडीवर त्याची चर्चा होते. तोही अपुरा आहे, पण तो उघडा आहे. मग मिलमध्ये पोतं उचलणाऱ्या हमालाने, दाण्यांच्या धुळीत खोकणाऱ्या बाईने दर वाढवून मागितला की ते मात्र उर्मटपणाचं का ठरतं?

बायांच्या बाबतीत तर आपण आणखी एक वाट काढली. अंगणवाडी सेविकेला सरकार वेतन देत नाही, मानधन देतं. मानधन म्हटलं की किमान वेतनाचा प्रश्नच उरला नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये संप केल्यावर सेविकांचं मानधन ८,३२५ वरून १०,००० झालं, मदतनिसांचं ४,४२५ वरून ५,५००. त्याच वर्षी ४ डिसेंबरपासून त्यांना पुन्हा संपावर जावं लागलं, आणि तो जानेवारी संपत आला तेव्हा मिटला. लेकरांना जेवू घालणारी, गरोदर बाईची नोंद ठेवणारी बाई भर थंडीत मुंबईच्या मैदानात बसते तेव्हा कुठे तिचा आकडा हलतो. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, कायदा लागू असल्याचं सांगितलं. मानधन हे नाव देऊन जबाबदारी झटकता येत नाही, हे त्यातून स्पष्ट झालं.

मागण्याचा आकडा कसा काढावा याचा एक धडा मला १९१८ च्या अहमदाबादच्या गिरण्यांत दिसतो. प्लेगच्या काळात कामगार पळू नयेत म्हणून मालकांनी विणकरांना भत्ता दिला होता. साथ ओसरल्यावर तो काढला. विणकर ५० टक्के वाढ मागत होते, मालक २० च्या वर जायला तयार नव्हते. गांधीजींनी आधी कामगारांचा खर्च, गिरण्यांची स्थिती, मुंबईतले दर यांची माहिती गोळा केली आणि ३५ टक्के हा आकडा पुढे ठेवला. मालकांच्या बाजूला अंबालाल साराभाई, कामगारांच्या बाजूला त्यांची सख्खी बहीण अनसूयाबेन. संप झाला, उपास झाला, लवाद नेमला गेला, आणि शेवटी लवादाने ३५ टक्केच दिले. तो आकडा टिकला कारण तो हिशोबातून आला होता. मागणी फुगवून सांगायची आणि मग अर्ध्यावर यायचं, ही सवय आपल्या बाजूलाही आहे, आणि ती सोडायला हवी.

या सगळ्यातून माझा निष्कर्ष एकच निघतो: पगार गुप्त ठेवणं हा कामगाराविरुद्धचा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक उपाय आहे. ‘तुला किती मिळतात ते कोणाला सांगू नको’ असं सुपरवायझर हळूच सांगतो तेव्हा तो मुलगा सुखावतो, आपल्याला जास्त देतात असं त्याला वाटतं. शेजारच्यालाही तेच सांगितलेलं असतं. अमेरिकेतल्या अलाबामात टायरच्या कारखान्यात लिली लेडबेटर नावाच्या बाईंनी सुमारे एकोणीस वर्षं काम केलं. निवृत्तीच्या सुमारास कोणीतरी निनावी चिठ्ठी ठेवली तेव्हा त्यांना कळलं की त्याच पदावरच्या पुरुषांना जास्त पगार आहे. त्या न्यायालयात गेल्या आणि २००७ मध्ये हरल्या, कारण तक्रारीला उशीर झाला होता. माहितीच नव्हती तर तक्रार वेळेत करणार कशी? पुढे २००९ मध्ये त्यांच्याच नावाने कायदा करून ती चूक सुधारावी लागली. एका चिठ्ठीवर माणसाचं आयुष्यभराचं न्याय्य वेतन अवलंबून असावं, हे कुठल्याच देशाला शोभत नाही.

आपल्याकडे चिठ्ठीची वाट पाहायची गरज नाही. ठेका कामगारांच्या १९७० च्या कायद्याखालच्या नियमांत मजुरीचे दर, कामाचे तास, पगाराची तारीख आणि निरीक्षकाचं नाव-पत्ता कामाच्या जागी, कामगारांना समजेल अशा भाषेत लावण्याची सक्ती होती. आता वेतन संहिता आली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही कामगार संहिता लागू झाल्या. वेतन संहितेच्या कलम ५० मध्येही प्रवर्गवार दराचा फलक आणि पगारपत्रक ही मालकाची जबाबदारी म्हणून लिहिलेली आहे. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ आस्थापनेला तो द्यावा लागतो, हे तत्त्व जुन्या कायद्यात होतं, नव्यातही आहे. म्हणजे ‘तुम्ही आमची माणसं नाही’ हे साहेबांचं उत्तर कायद्यापुढे अपुरं आहे.

तेव्हा बिरसी, कामठा आणि आजूबाजूच्या गावांतल्या गणवेश घालणाऱ्या पोरांना माझं सांगणं आहे. एकट्याने, सुटीच्या वेळी, अडचण सांगत जाऊ नका. पाच-दहा जण मिळून लेखी अर्ज करा, त्यात आजचा लागू दर लिहा, मिळणारा पगार लिहा, तारीख घाला, एक प्रत ठेकेदाराला, एक मूळ आस्थापनेला, आणि पोच घ्या. केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनेत काम असेल तर नागपूरला केंद्रीय कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे, तिसरी प्रत तिकडे पाठवा. आणि ज्यांच्या हातात निविदा काढणं आहे त्या अधिकाऱ्यांना विनंती: पुढचा ठेका देताना सगळ्यात स्वस्त बोली लावणाऱ्याला एक प्रश्न जरूर विचारा की एवढ्यात तुला परवडतं कसं. आणि ठेका सुरू होण्याच्या पहिल्याच दिवशी, मराठीत, मोठ्या अक्षरांत, दराचा फलक फाटकावर लावा. त्याला फार तर हजार रुपये खर्च येईल.